दुय्यम थांबा

बुधवारी दुपारी शाळेची बस इमारतीखाली थांबली, दार उघडलं, समोरच्या इमारतीतली दोन भावंडं भांडत भांडत उतरली आणि दार बंद झालं. खारू उतरलीच नाही. तिचा बाप फूटपाथवर हात अर्धवट वर करून उभा राहिला. मग भानावर येऊन त्याने बसच्या पत्र्यावर थाप मारली. ड्रायव्हरने दार पुन्हा उघडलं. खारू? ती तर मघाशीच उतरली की, घरी. त्याने समोरची स्क्रीन वळवून दाखवली. खारूच्या नावापुढे तिच्या आईच्या घरचा थांबा होता आणि त्याच्यापुढे हिरवी खूण.

"आज बुधवार आहे," खारूचा बाप म्हणाला.

"बुधवारच आहे, साहेब. मी म्हटलंसुद्धा तिला, आज बाबाकडे ना? पण स्क्रीन सांगेल तिथेच उतरवायचं, असं आम्हाला बजावलंय. मागे एकदा मी स्वतःचं डोकं चालवलं, तर ते घरी ठेवून येत जा म्हणाले."

मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या आणि बस गेली.

खारूच्या आईच्या घराला या वेळी कुलूप असतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, दिवेलागणीपर्यंत सुटत नाही. इतर दिवशी खारूला बसमधून उतरवून घ्यायला एक मावशी येतात, पण बुधवारी त्यांना सुट्टी, कारण बुधवार बापाचा. म्हणजे आठ वर्षांची पोर आत्ता बंद दारासमोर असणार, आणि तेही सगळं बरं धरून चाललं तर. त्याने टॅक्सी केली. खारूच्या आईला लगेच फोन करायला हवा होता, तो त्याने केला नाही. आधी पोर नजरेला पडू दे, मग बघू, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण असं होतं की फोन केला की बुधवार गेला.

हा बुधवार त्याला सुखासुखी मिळालेला नव्हता. दोघं वेगळी झाली तेव्हा आदळआपट झाली नाही, आवाज चढले नाहीत. निदान भांडला तरी असतात, असं दोन्हीकडचे नातेवाईक चुटपुटत म्हणाले. पोर आईकडे राहिली, बुधवार आणि रविवार बापाकडे आले. रविवारचं ठीक होतं. बुधवारी त्याने शाळेतून तिला घेऊन यायचं होतं आणि तिथे घोडं पेंड खायला लागलं. एकदा तो मीटिंगमुळे उशिरा पोचला. दुसऱ्यांदाही मीटिंगच होती. तिसऱ्यांदा शाळेच्या वॉचमनने खारूला आपल्या स्टुलावर बसवून ठेवलं होतं आणि फाटक लावून घेतलं होतं, तेव्हा तिच्या आईने बुधवार बंद केला. एक आख्खं सत्र तो बंदच राहिला. या सत्रात, त्याने पुन्हा पुन्हा विचारल्यावर, ती एका अटीवर तयार झाली. आणायला तू जायचं नाहीस, बस तिला तुझ्याकडे सोडेल, तू फक्त खाली उभं राहायचंस. तेवढंही जमलं नाही, तर मग मला पुन्हा विचारू नकोस.

आता गंमत अशी, की बसवाल्यांच्या प्रोग्रामला एका मुलाला एकच घर ठाऊक होतं, आणि तो प्रोग्राम खारूच्या बापाच्याच कंपनीने केलेला होता. मग काय, घरचंच कार्य. त्याने साहेबांना पटवलं की कितीतरी मुलं काही दिवस आजीकडे जातात, काही मामाकडे, काही शिकवणीला, तेव्हा एक दुसरा थांबा असलाच पाहिजे. ते खरंही होतं. साहेबांना ते पटलं, त्याने ते काम केलं, आणि सत्राच्या सुरुवातीपासून दर बुधवारी खारू त्याच्या दारात उतरायला लागली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे दोन्ही खाती एकाच माणसाकडे होती.

खारू जिन्यात होती. तिसऱ्या मजल्यावर बंद दाराला पाठ लावून बसली होती. बूट काढून दाराशेजारी नीट जोडून ठेवले होते, जसे घरात शिरताना ठेवते तसे, आणि दप्तरातली सगळी खोडरबरं फरशीवर ओळीने मांडली होती. ही पोर खोडरबरं साठवते, म्हणून तर तिचं नाव खारू पडलं. तिचा चेहरा कोरडा होता. ती रडलेली नव्हती, हेच त्याला जास्त लागलं.

"मावशी आल्याच नाहीत," ती म्हणाली. "मग मला आठवलं, आज बुधवार. मग मला वाटलं, तू नको म्हणालास."

"मी कधी नको म्हणालो?"

"स्क्रीनवर तुझं घर नव्हतं. काका म्हणाले, बाबाने बदललं असेल. तुला काम असेल."

त्याने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की असं काही नाही, मशीनचं काहीतरी चुकलंय. खारूने मान हलवली. मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून मुलं हलवतात, तशी.

मग त्याने फोन केला. तिची आई दुकान सोडून आली, गळ्यात दुकानाच्या ओळखपत्राचा पट्टा तसाच होता. तिने आधी पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कुलूप काढलं, तिला आत पाठवलं, आणि दार लोटून घेऊन त्याच्यासमोर जिन्यात उभी राहिली. ती चिडलेली नव्हती. दिवसभर लोकांना 'आता स्पष्ट दिसतं का, आता?' असं विचारून थकलेली बाई होती ती, आणि घरी येऊन पुन्हा तेच विचारायची पाळी आली होती.

चूक कोणाची, असं तिने विचारलं. त्याला अजून माहीत नव्हतं, आणि तसं त्याने सांगितलं.

"मग शोध," ती म्हणाली. "बसवाल्यांची असेल तर त्यांना मी बघून घेईन, बुधवार राहील. तुझी असेल तर सत्र संपेपर्यंत बुधवार बंद. आणि खरं काय ते सांग. तू खोटं बोलतोस असं मी कधी म्हणणार नाही. तू बोलतच नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या जागेवर गेलाच नाही, सरळ खालच्या मजल्यावर गेला. या कंपनीत मजले दोन आणि भाषा दोन. वरच्या मजल्यावर, म्हणजे त्याच्याकडे, पालकांनी भरलेली माहिती सांभाळणारा प्रोग्राम एका भाषेत लिहिलेला. खालच्या मजल्यावर ड्रायव्हरच्या स्क्रीनचा प्रोग्राम दुसऱ्याच भाषेत, आणि तो ज्यांच्या ताब्यात होता त्यांना सगळे 'खालच्या बाई' म्हणत. बाईंचे केस पिकलेले, बोलणं रोखठोक, आणि टेबलावर एकही वस्तू तिरकी नाही.

रोज पहाटे वरून खाली मुलांची माहिती जाते. माहिती म्हणजे खणांची पेटी समजा. एका खणात नाव, एकात इयत्ता, एकात थांबा, आणि प्रत्येक खणावर एक चिठ्ठी. दोन्ही भाषांना एकमेकींचं ओ की ठो कळत नाही. चिठ्ठी वाचायची आणि तो खण उघडायचा, एवढाच त्यांचा व्यवहार. वरच्या प्रोग्रामच्या आत त्या खणाला कोणी काहीही म्हणो, तो ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न. बाहेर जाताना मात्र चिठ्ठीवर ठरलेलंच नाव हवं. ते नाव प्रत्येक खणाशेजारी आपल्या हाताने लिहून ठेवायचं, अशी वरच्या मजल्यावरची पद्धत. नाही लिहिलं, तर भाषा काही अडून बसत नाही. ती आतलं नाव जसंच्या तसं बाहेर चिकटवून देते आणि काम चालू राहतं. चालू राहतं, हीच त्यातली मेख.

ही पद्धत कोणी पाडली? खारूच्या बापानेच. नव्या पोरांनी चिठ्ठी लिहायची टाळली की तो त्यांचं काम परत करायचा, पुन्हा चुकली की पुन्हा परत. तुमच्या घरात काय म्हणायचं ते म्हणा, उंबऱ्याबाहेर नाव पक्कं हवं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पोरं पाठीमागे त्याला 'आत्या' म्हणायची. नावं ठेवायचा मान आत्याचाच ना.

खालच्या बाई त्याची वाटच पाहत होत्या. आणखी काही पालकांचे फोन येऊन गेले होते. आजीकडे जायची मुलं घरी पोचली, शिकवणीची मुलं घरी पोचली. कोणाला काही झालं नव्हतं, घरी कोणी ना कोणी होतं. पण खारूच्या ड्रायव्हरने मुलीला कुलपासमोर सोडलं असं वरपर्यंत गेलं होतं आणि आज बसवाल्यांनी त्याला घरी बसवलं होतं. ठरवायचं ते नंतर ठरवू म्हणाले होते.

"तो तर स्क्रीन बघून चालला," खारूचा बाप म्हणाला.

"ते मला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "हे बघा."

त्यांनी कालची पेटी उघडून दाखवली. खारूचं नाव, इयत्ता, थांबा. त्याच्यापुढे 'दुय्यम थांबा' या नावाचा खण असायला हवा होता. तो नव्हता. त्या जागी 'दिवसाचा थांबा' नावाचा एक खण होता, त्यात बुधवार आणि त्याच्या इमारतीचा पत्ता, सगळं अगदी बरोबर लिहिलेलं. बाईंच्या प्रोग्रामने 'दुय्यम थांबा' शोधला, तो सापडला नाही, तेव्हा या मुलांना दुसरं घरच नाही असं धरलं. तक्रार न करता, निमूटपणे.

"हा नवा खण कुठून आला?" बाईंनी विचारलं. "मला कोणी बोललं नाही."

खारूच्या बापाने खुर्ची ओढली आणि बसला. त्याला पाहता क्षणीच कळलं होतं.

आधीच्या बुधवारी जेवताना खारूने विचारलं होतं, दुय्यम म्हणजे काय? ड्रायव्हरकाकांच्या स्क्रीनवर तिच्या नावापुढे तसं येत होतं आणि काका मोठ्याने वाचत होते. त्याने सांगितलं, दुसरा. ती म्हणाली, दुसरा म्हणजे दुसरा असंच का नाही लिहिलं? मग तिने शाळेत कोणाला तरी विचारलं असावं, कारण रविवारी ती सहज बोलून गेली, की दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाचं. तिच्या मनात काही नव्हतं. नवा शब्द शिकल्याचा आनंद होता. पण त्याचा घास तोंडात फिरला. त्याने तो शब्द स्वतःच खणाला दिला होता, कामाच्या घाईत, काहीही विचार न करता, आणि आता स्वतःच्या घराकडे बघितलं की तो शब्द दिसायला लागला होता.

सोमवारी त्याने खालच्या बाईंना स्क्रीनवरचा शब्द बदलाल का म्हणून विचारलं, त्या बदलते म्हणाल्या. तेवढ्याने भागलं असतं. पण मंगळवारी तो दुसऱ्याच कामासाठी आपल्या प्रोग्राममध्ये गेला, समोर तो खण आला, आणि त्याला तो शब्द बघवेना. त्याने आतलं नाव बदलून 'दिवसाचा थांबा' केलं. आपल्याच घरातला शब्द, कोणाला काय त्याचं. सुरुवातीला हा खण केला तेव्हा त्याच्यावर चिठ्ठी लिहायची त्याने टाळली होती. एकच तर खण आहे, आतलंच नाव बाहेर जातंय, लिहू नंतर. म्हणून आत नाव बदललं ते बाहेरही बदलून गेलं. त्याच्या बाजूच्या सगळ्या तपासण्या हिरव्या आल्या, कारण त्या त्याच्याच घराच्या आत हिंडत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हे सगळं त्याने बाईंना सांगितलं नाही. चिठ्ठी लिहिलेली नव्हती, एवढंच सांगितलं. पण बाईंनी 'दुय्यम' आणि 'दिवसाचा' हे दोन शब्द एकाखाली एक बघितले, त्याच्याकडे बघितलं, आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

"माझंही चुकलंच," त्या म्हणाल्या. "ठरलेला खण सापडला नाही तर माझ्या प्रोग्रामने बोंब मारायला हवी होती. मी त्याला समजूतदार करून ठेवला. वर काय कळवायचं? दोन्ही बाजूंचा मेळ बसला नाही, असं लिहू या. ते काही खोटं नाही."

खोटं नव्हतंच. संध्याकाळी खारूच्या आईलाही तेच वाक्य सांगता आलं असतं. दोन प्रोग्रामचा मेळ बसला नाही, बसच्या स्क्रीनच्या बाजूलाही दोष होता. एकेक शब्द खरा, आणि बुधवार शाबूत. त्याने ते वाक्य मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. चांगलं होतं. मग त्याला घरी बसवलेला ड्रायव्हर आठवला. अशा वाक्यातून कोणीच सुटत नाही, सगळ्यांवर थोडं थोडं येतं आणि बिचाऱ्या शेवटच्या माणसावर जास्त येतं. आणि खरं सांगायचं तर तो फार दमला होता. आतलं आत सांभाळत बसायचाही एक शीण असतो, तो त्याला आता झेपत नव्हता.

तो वर गेला आणि खणाशेजारी हाताने चिठ्ठी लिहिली. बाहेरचं नाव पुन्हा 'दुय्यम थांबा'. शब्द आवडो न आवडो, पलीकडचे लोक त्याच्या भरवशावर होते. मग साहेबांना कळवलं, की चूक माझी, ठरलेलं नाव मी कोणाला न सांगता बदललं, ड्रायव्हरचा संबंध नाही. साहेब 'तुम्ही?' एवढंच म्हणाले, आणि ते ऐकणं बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं. दुपारच्या फेरीला ड्रायव्हर परत बसवर होता.

संध्याकाळी तो खारूच्या आईच्या दारात गेला. तिने त्याला आत घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसवलं. खारू बाहेरच्या खोलीत चित्र रंगवत होती. त्याने सगळं सांगितलं, खण, चिठ्ठी आणि न लिहिलेलं नाव. मध्ये एकदा थांबला, आणि मग जे बाईंना सांगितलं नव्हतं तेही सांगितलं.

"तो शब्द तुला लागला," ती म्हणाली.

"हो."

"मग बोलला का नाहीस? मला नाही, निदान त्या बाईंना?"

"वाटलं, माझ्याच आतला शब्द आहे. बदलला तर कोणाला काय फरक पडतो."

ती ओट्यावरचं फडकं घडी करत राहिली. घडी झाली, तरी पुन्हा उलगडून केली.

"तुझं सगळं असंच," ती म्हणाली. "आतल्या आत काहीतरी बदलून टाकतोस, आणि समोरच्याला ते कळलंच असेल असं धरून चालतोस. मी किती वर्षं तुझा खण उघडून बघत होते. रिकामा दिसायचा."

"रिकामा नव्हता गं."

"आता कळून काय उपयोग," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर त्याला बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली, "ठरल्याप्रमाणे बुधवार बंद. सत्र संपेपर्यंत. तिला तू सांग, मी सांगणार नाही."

तो बाहेरच्या खोलीत आला आणि खारूशेजारी जमिनीवर बसला. तिने चित्रात एक घर काढलं होतं आणि त्याच्या छपराला रंग द्यायचा की नाही, या विचारात होती. त्याने सांगितलं की कालची चूक त्याची होती, मशीनची नाही, काकांची नाही. म्हणून आता सत्र संपेपर्यंत बुधवारी ती इथेच उतरेल. रविवारी भेटूच.

"पण तू नको म्हणाला नव्हतास?" खारूने विचारलं.

"नाही. मी खाली उभा होतो."

"बस आली तेव्हा?"

"बस यायच्या आधीपासून."

खारूने रंगकांडी खाली ठेवली. बाप वेळेच्या आधी कुठे उभा असेल, हे तिला पटायला थोडा वेळ लागला. तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि छपराला निळा रंग द्यायला लागली.

एरवी तो इथे उठला असता. मुलीने मान्य केलं होतं, आईने सांगितलेलं काम झालं होतं, आणि बाकीचं नेहमीप्रमाणे पोटात घालून घरी जाता आलं असतं. त्याने गुडघ्यावर हातही टेकला उठण्यासाठी. मग तसाच बसून राहिला.

"मला नाही ठीक वाटत," तो म्हणाला. "मला बुधवार हवा होता. मला फार वाईट वाटतंय, खारू."

आत नळाचं पाणी चालू होतं, ते बंद झालं. खारूचा हात छपरावर थांबला. ती म्हणाली, "मलाही," आणि ते म्हणता म्हणता तिचा चेहरा चुरगळला. काल बंद दारासमोर खोडरबरं मांडत बसलेली पोर आता बापाच्या कुशीत तोंड खुपसून ढसाढसा रडली. त्याने तिला गप्प हो म्हटलं नाही. त्यालाही रडू आलं होतं आणि या वेळी तो ते लपवत नव्हता.

तिची आई दारापर्यंत आली, ओल्या हातांनी तिथेच उभी राहिली. उशीर होत होता, पण तिने त्याला जा म्हटलं नाही.